नाव न घ्यायचं झाड

"जगातल्या ज्या ज्या संस्कृती बुडाल्या, त्या शत्रूमुळे नव्हे, गाळामुळे बुडाल्या. वेळच्या वेळी गाळ न उपसणारा समाज..."

एवढं बोलून मी बोडीत पाय टाकला आणि मांडीपर्यंत बुडालो.

"दादा, उजवीकडे खोल आहे," छपरीतून, म्हणजे मागच्या पडवीतून, मुरली म्हणाला. तोंडापुढचा पेपर त्याने हलवलाही नव्हता.

"हे आधी सांगायचं!"

"तू बोलत होतास. मध्ये कसं बोलू?"

मुरली माझा धाकटा भाऊ. भंडाऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावाला, वस्ती संपते तिथे त्याचं घर होतं आणि घरामागे ही बोडी. बोडी म्हणजे लहानसं तळं. आमच्याकडे ती शेतात असते, परसात क्वचित. मुरलीची बोडी एखाद्या बऱ्यापैकी मांडवाएवढी. पूर्वी तिच्यात कमळं फुलत आणि मुरली आल्यागेल्याला ती हात धरून दाखवायला नेई. त्या चैत्रात मात्र कमळ सोडा, पाणीसुद्धा दिसत नव्हतं. दिसत होतं ते फक्त झाड.

इतक्या वर्षांनी त्याचं नाव घ्यायला आता हरकत नाही. बेशरम. नाल्याकाठी, उकिरड्यावर, सरकारी जागेत, कुणी लावलं नसताना आणि कुणाला विचारलं नसताना वाढणारं. जांभळट फुलं, पोकळ खोड, तोडलं की पांढरा चीक. बकरीसुद्धा तोंड लावत नाही, आणि बकरीने तोंड न लावलेली दुसरी वस्तू विदर्भात माझ्या पाहण्यात नाही. तोडून फेकलं तर फेकलेला तुकडा पडेल तिथे मूळ धरतो. लाज म्हणून नाही, म्हणून बेशरम. आणि म्हणूनच आमच्याकडे एखाद्या साहेबाचा निषेध करायचा असला, की मोर्चेकरी त्याला बेशरमची जुडी भेट देतात.

मुरलीला ती मिळाली होती.

तो पाटबंधाऱ्याच्या कचेरीत इंजिनियर. आदल्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला त्याच्या हद्दीतल्या एका तलावाची पाळ फुटली. माणूस दगावला नाही, पण तलाव रिकामा झाला. खालचं धान वाहून गेलं, वरचे मासे वाहून गेले. मग मोर्चा, मग घोषणा, मग जुडी. फोटो आमच्याच पेपरात चौथ्या पानावर आला होता. सत्कार स्वीकारताना धरतात तशी दोन्ही हातांनी जुडी धरून मुरली उभा. लहानपणापासून वळणाचा मुलगा. तेवढ्या गोंधळातही "आभारी आहे" म्हणाला असावा.

चौकशी झाली, दिवाळीच्या आत तो निर्दोष सुटला, आणि तेव्हापासून आजारपणाच्या रजेवर घरी बसला होता. आजार कोणता ते डॉक्टरांनाही लिहिता येईना. शेवटी त्यांनी 'कंबर' लिहिलं.

आणि मग सिंधूचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, मला फोन आला. फोन त्यांच्या समोरच्या खोलीत, मुरलीच्या खुर्चीला खेटून. त्यामुळे ती मोठ्याने आणि फारच गोड आवाजात बोलत होती. "भाऊजी, बोडी साफ करायची आहे. पावसाळ्याआधी गाळ काढायला हवा. येता का?"

मी तेव्हा नागपूरला पेपरात विनोदी सदर लिहीत असे. पेनापेक्षा जड वस्तू माझ्या हातात कुणी पाहिलेली नव्हती. मला गाळ काढायला बोलावणं म्हणजे मळणीला मोर जुंपणं. पण सदर लिहिणाऱ्या माणसाला दुसऱ्यांचं बोलणं ऐकायची सवय नसते. मी बाजारातून एक नवंकोरं फावडं घेतलं आणि एसटीत बसलो. कंडक्टरने फावड्याचं अर्धं तिकीट लावलं.

फाटकाशीच सिंधूने फावडं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"खरंच फावडं आणलंत?"

"बोडी साफ करायची म्हणालीस ना?"

"अहो, बोडीचं निमित्त. ह्यांना बाहेर काढायचंय." तिने मागे वळून पाहिलं आणि आवाज उतरवला. "सोमवारी रजा संपते. सोमवारी हजर झाले नाहीत तर नोकरी जाईल, असं स्पष्ट कळवलंय. सुटल्याचं पत्र आलं त्या दिवसापासून ह्यांनी फाटक ओलांडलेलं नाही. दारावरची पाटीसुद्धा स्वतः उतरवली."

फाटकाच्या खांबावर पाटीचे चार खिळे तेवढे राहिले होते.

"जेवतो?"

"वाढलं की जेवतात."

"बोलतो?"

"विचारलं की बोलतात. संध्याकाळी बोडीच्या काठाशी जाऊन उभे राहतात. हाक मारली तरी ऐकू येत नाही." तिने आवाज आणखी उतरवला. "विहिरीचा दोर मी आत ठेवलाय, भाऊजी. वापरायलाही नळाचंच पाणी घेतो."

फावडं मला एकदम जड लागलं.

"आणि एक," ती म्हणाली, "त्या झाडाचं नाव घरात काढायचं नाही."

आमच्या आईने जन्मभर वडिलांचं नाव घेतलं नाही. वडिलांचं नाव महादेव, त्यामुळे देवळातल्या महादेवालाही ती 'बेलवाले' म्हणे. सिंधूने ती रीत झाडाला लावली होती. त्या घरात 'हे' म्हणजे मुरली आणि 'ते' म्हणजे झाड. हे जेवले का, ते किती पुढे आलं, ह्यांना झोप नाही, त्याला फुलं आलीत. पहिल्या तासाभरात माझा दोनदा घोटाळा झाला.

तर असा मी शनिवारी सकाळी बोडीत उभा होतो, आणि संस्कृतीचं काय होतं ते सांगत होतो. उद्देश एवढाच, की मुरली हसेल, किंवा चिडेल, आणि उठून माझ्या हातातलं फावडं हिसकावून घेईल. तो उठला नाही.

मी एक खोड धरून ओढलं. ते मध्येच मोडलं आणि मी मागे आपटलो.

"ओढू नकोस," मुरली म्हणाला. "मोडलं की एकाची दोन होतात. चिखलात पडला तुकडा की लागला."

"बरीच माहिती आहे तुला."

"समोरच बसलेला असतो."

"मग सोमवारी ऑफिसात जा. तिथे दुसरं काही समोर असेल."

त्याने पेपराची घडी केली. "कंबर दुखते."

"कोणती?"

"डॉक्टरांनी लिहिलीय ती."

"मुरली, अरे निर्दोष सुटलास तू!"

"हो," तो म्हणाला. "तसं लिहून आलंय."

मी पुन्हा फावडं उचललं. तेवढ्यात बाजूच्या बोळातून खणखणीत हाक आली.

"ओ बाई! गाळवाली आली व!"

मुरली उभा राहिला. पेपर खाली पडला तो त्याने उचलला नाही. आत गेला आणि दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आला.

आली ती कौतिकाबाई. पन्नाशीची, काटक, लुगड्याचा कासोटा मारलेला, हातात विळा. सिंधूने बाजारात मासे विकणाऱ्या बायकांकडे चौकशी केली होती, की बोडी साफ करायला कुणी येईल का, त्यावरून ती आली होती. पूर्वी तिचाही बाजारात पाट असे. हल्ली मासेच नव्हते, म्हणून मिळेल ते काम करते, असं तिने येताक्षणी सांगितलं. मग बोडी पाहिली, मग मला पाहिलं.

"हे कोन जी? यायले बी काढाचं हाय का गाळातून?"

"भाऊजी आहेत माझे," सिंधू म्हणाली. "मदत करताहेत."

"आता नोका करू," कौतिकाबाई मला म्हणाली. "घमेलं उचला फक्त. न् आयका बाई, गाळात मासोळी निंगाली त माई. मागूर असते अशा गाळात. आधीच सांगून ठेवतो."

ती पाण्यात उतरली आणि कामाला लागली. काम ती करत होती तोंडाने. हात नुसते साथीला होते. दोन खोडं कापली नाहीत तोच तिने आरोळी ठोकली.

"बाई! बेशरम कुठं टाकू?"

सिंधू धावत आली. "हळू! हळू बोला ना."

"काऊन? झोपलं हाय का कोनी?"

"हो... म्हणजे, घरात आजारी माणूस आहे."

"असं म्हना ना मंग." कौतिकाबाईने आवाज बारीक केला. तिचा बारीक आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू गेला असता. "बाई, ही बेशरम लई माजली. अजून एक पावसाळा गेला असता त घरात शिरली असती. मंग तुमी बाहेर न् बेशरम घरात!"

सिंधूने बंद दाराकडे पाहिलं. दार काही बोललं नाही.

"तिला दुसरं काही म्हणता नाही का येणार?" सिंधू रडकुंडीला येऊन म्हणाली.

"बेशरमले दुसरं काय म्हनू? मावशी?"

मी घमेली वाहत होतो. कापलेलं सगळं भिंतीकडच्या तापलेल्या फरशीवर टाकायचं, ओल्या मातीवर एक काडीही पडू द्यायची नाही, असा तिचा हुकूम होता. बोडीतून मागूर निघाली नाही. एक बेडूक निघाला, तोही नाखुशीने. ऊन चढलं. कडीचा आवाज काही पुन्हा आला नाही. सिंधू दर थोड्या वेळाने खिडकीशी जाऊन आत डोकवायची आणि परत यायची. मीही पाहत होतो, पण तिला दिसू न देता.

मधला भाग मोकळा झाला. खाली काळं, जाडसर पाणी दिसायला लागलं. उरला तो काठाशी, छपरीच्या अगदी समोरचा, सगळ्यात दाट बुंधा. सगळी बेशरम त्याच्यापासूनच पसरली होती.

"हा बुढा हाय," कौतिकाबाई म्हणाली. "हा काढला की सरलं. या जी, तुमी बी धरा."

आम्ही दोघांनी धरलं. तो सोडेना. तिने मला एक शिवी दिली, ती झाडाला होती असं तिने नंतर सांगितलं. मग गाळाने मोठा घोट घेतल्यासारखा आवाज केला आणि बुंधा मुळासकट वर आला. मी त्याला मिठी मारून गाळात बसलो.

"उठा न् इकडे आना."

बुंधा एका खोडाचा नव्हता. मनगटाएवढी सात-आठ खोडं एकमेकांत रुतून बसली होती, कारण खालून ती एकत्र बांधलेली होती. बांधलेल्या ठिकाणी साल फुगून वर आली होती आणि तिच्यात कापडाची एक पट्टी पुरली गेली होती. कौतिकाबाईने पाण्यात हात बुडवून ती पट्टी चोळली. हिरवा रंग निघाला. त्यावर पिवळी बारीक नक्षी.

ती खाली वाकून नक्षीवरून बोट फिरवत राहिली.

"हे त माया लुगड्याची किनार हाय," ती म्हणाली.

"तुमची? इथे कशी येईल?" मी म्हणालो.

"मोर्च्यात जुडी बांधाले सुतळी नव्हती. म्या फाडून देल्ली. न् कोनी पुढं होईना, त मीच साहेबाच्या हातात देल्ली." तिने घराकडे पाहिलं. मग फाटकाकडे, त्या चार खिळ्यांकडे. "बाई, हे कोनाचं घर हाय?"

सिंधू माझ्याकडे वळली. मला म्हणाली, "भाऊजी, ते... ते ह्यांनी त्याच दिवशी रस्त्यात फेकून दिलं असं मला सांगितलं होतं."

कौतिकाबाईने विळा उचलला आणि काठाकडे सरकली. "मले काऊन बलावलं? बदला घ्याले? पोलीस गिलीस हाय का आत?"

"नाही हो, खरंच मला ठाऊक नव्हतं..."

कडी वाजली. दार उघडून मुरली छपरीत आला. तिथून पायऱ्या उतरून काठाशी आला आणि उभा राहिला. कितीतरी दिवसांत मी त्याचं तोंड उन्हात पाहिलं नव्हतं. फडक्यासारखं पांढरं झालं होतं.

"कुणी बदला घेत नाही," तो म्हणाला. "मी लावली ती."

"तुमी?"

"ऑफिसातून आलो तेव्हा हातातच होती. टाकायला मागे आलो. टाकवली नाही. रोवली."

"अरे, पण का?" मी म्हणालो. "सुटलास ना तू?"

तो माझ्याशी बोललाच नाही. कौतिकाबाईशीच बोलत होता, कचेरीत वरिष्ठांसमोर उभं राहून बोलतात तसा.

"पाळ झिरपतेय असा निरोप आला होता. मी गेलो. पण जीपमधून उतरलो नाही. खाली चिखल होता. काचेतून पाहिलं, ठीक दिसली. ठीक आहे असं लिहिलं. चौकशीत विचारलं, गेला होतात का? गेलो होतो. उतरलात का, असं कुणी विचारलंच नाही."

सिंधू पायरीवर खाली बसली.

"म्या पायलं होतं तुमाले," कौतिकाबाई म्हणाली. "पाळेवरच होती मी. हात केला. काच वर होती तुमची."

"हो. मीही पाहिलं होतं तुम्हाला."

तिने विळा खाली ठेवला. "शिंगाड्याचा वेल होता माया त्या तलावात. पानी निंगून गेलं न् वेल चिखलावर पडला. लई दिवस हिरवाच दिसे. वाटे, जगते का काय. मंग म्हशीले घातला."

मुरलीने त्या बुंध्याकडे पाहिलं.

"म्हणून ठेवली मी ही," मुरली म्हणाला. "रोज समोर असावी म्हणून."

"रोज पायता?"

"रोज."

"न् पाळ?"

"काय?"

"पाळ पायली का एखांद्या रोजी? फुटली तशीच हाय अजून. तुमचा मानूस येते न् म्हनते, साहेब रजेवर हाय, साहेबाची सही झाल्याबिगर काम लागत नाई. मी म्हनो, बाप्पा, केवढा रोग झाला असन साहेबाले! न् तुमी इथं बेशरमले पानी घालत बसले!"

"पाणी घातलं नाही," मुरली म्हणाला. खोटं त्याला खपत नाही. "ती आपोआप वाढते."

"बरं, आपोआप!"

"मला लाज वाटते हो," मुरली म्हणाला. अगदी लहान आवाजात म्हणाला. "फाटकापर्यंत जातो. पुढे पाय उचलत नाही."

कौतिकाबाईने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिला त्याची दया आली असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

"लाज तुमची, न् तलाव आमचा कोरडा. पावसाच्या आधी पाळ बांधली नाई त येत्या साली बी शिंगाडा नाई, मासोळी नाई. थे काई नाई जी. थोडे बेशरम व्हा न् कामावर या."

त्या घरात तो शब्द इतक्या मोठ्याने, मालकाच्या तोंडावर, पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. सिंधूने डोळे मिटून घेतले. मुरलीच्या घशातून एक आवाज आला. तो हसला की रडला, यावर सिंधूचं आणि माझं अजून एकमत नाही.

मग तो बोडीत उतरला. चप्पल काढली नाही, पँट दुमडली नाही.

"उजवीकडे..." मी म्हणालो.

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि उजवीकडेच उतरला. कमरेपर्यंत, त्या डॉक्टरांनी लिहिलेल्या कमरेपर्यंत, गाळात गेला. तिथे दोन्ही हात खाली घालून त्याने बुंध्याची उरलेली मुळं चाचपली आणि एकेक करून वर काढायला लागला. कौतिकाबाई काठावर उभी राहून "हे राह्यलं, थे राह्यलं" करत बोट दाखवत होती. तो ऐकत होता.

ऊन उतरेपर्यंत ते चाललं. शेवटचं मूळ फरशीवर पडल्यावर ती म्हणाली, "सोमवारी येता ना पाळेवर?"

"येतो."

"जीपनं?"

"चालत."

"पाहू," ती म्हणाली.

सिंधू उठून घरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात विहिरीचा दोर होता. तिने तो रहाटावर चढवला, बादली बांधली आणि मुरलीच्या हातात दिली. "पाय धुवा," म्हणाली. "बाईंच्या पायांवरही घाला." मुरलीने पाणी शेंदलं. पहिली बादली त्याने कौतिकाबाईपुढे ठेवली.

दोर पुन्हा रहाटावर चढला होता. अशा वेळी गप्प बसावं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी फावड्याचा टेकू घेतला, घसा खाकरला आणि म्हणालो, "माणूस ज्या दिवशी स्वतःच्या गाळात स्वतः उतरतो..."

"थांबा जी एक मिनिट," कौतिकाबाई म्हणाली. तिने ती हिरवी पट्टी बुंध्यापासून सोडवली होती. ती तिने सिंधूपुढे धरली.

"बाई, एवढी साबनानं धुऊन द्या. लुगडं अजून चांगलं हाय."